वीस तासांची पेशी : एका प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विषय मंजूर झाला. कागदावरचं नाव: 'डेक्सामेथासोनचा मानवी न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट पेशींच्या अपोप्टोसिसवर होणारा परिणाम'. डेक्सामेथासोन म्हणजे एक स्टेरॉइड, अपोप्टोसिस म्हणजे पेशीचं ठरल्याप्रमाणे आपणहून मरणं. मॅडम म्हणाल्या, नाव राहू दे एवढं लांब, काम मात्र छोटं ठेवा, मार्चअखेर प्रबंध बाइंडिंगला गेला पाहिजे.

विषय सुचला तो आत्तीच्या रिपोर्टवरून. दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं तिचा दमा उसळला आणि डॉक्टरांनी पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. मग रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या, त्यात न्यूट्रोफिल भरमसाट, लिम्फोसाइट खाली आणि इओसिनोफिल जवळजवळ गायब. घरात सगळ्यांनी इन्फेक्शनचा धसका घेतला. डॉक्टर हसले, म्हणाले हा गोळीचा प्रताप.

प्रताप तीन वाटांनी होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, ही मोठी वाट. अस्थिमज्जेतून नव्या जास्त बाहेर पडतात, ही दुसरी. आणि ज्यांची वेळ भरली होती त्या जरा उशिरा मरतात. पहिल्या दोन वाटा काचेच्या नळीत दाखवता येत नाहीत, तिसरी येते. तेच औषध लिम्फोसाइटला आणि इओसिनोफिलला मात्र मरणाकडे ढकलतं. एकीला तारतं, दुसरीला मारतं. असं का, एवढंच बघायचं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर वाचन. अपोप्टोसिस हा शब्द १९७२ चा, केर, वायली आणि करी या तिघांच्या लेखातला. शब्द सुचवला ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. अर्थ, झाडावरून पान गळणं किंवा फुलाची पाकळी गळणं. आपल्या पुस्तकांतला 'नियोजित पेशीमृत्यू' एखाद्या परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो. 'पानगळ' छान होता, पण प्रबंधात लिहिला तर बाहेरचे परीक्षक वनस्पतिशास्त्र विभागाचा रस्ता दाखवतील.

पेशीच्या मरणाचे मुख्य रस्ते दोन. एक हुकूम बाहेरून येतो. पेशीच्या अंगावर 'फास' नावाचं प्रथिन असतं. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगायची गरज नाही! दुसऱ्या पेशीवरचा फास-लिगँड येऊन त्याला चिकटला की आतल्या बाजूला फॅड नावाचं प्रथिन, त्याला कॅस्पेज-८, आणि तिथून कॅस्पेज-३ अशी साखळी लागते. कॅस्पेज म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या कात्र्या. एरवी या कात्र्या मिटलेल्याच पडून असतात. एकीनं दुसरीला उघडायचं, असा कारभार.

हा फास बिघडला तर? उंदरांत एलपीआर नावाची जात आहे, तिच्यात तो बिघडलेलाच असतो. लसिकाग्रंथी फुगतात आणि प्रतिकारपेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. माणसांच्या मुलांत असाच आजार असतो, त्यामागे फासच्या जनुकातला दोष आहे हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. प्लीहा मोठी, गाठी मोठ्या, स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला. मरायला हव्या त्या पेशी मरत नाहीत, हाच तो आजार.

दुसरा रस्ता आतला, मायटोकॉन्ड्रियातून जाणारा. बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं त्याच्या पडद्याला भोकं पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर झिरपतं, ॲपॅफ-१ आणि कॅस्पेज-९ ची जोडी जमते, आणि पुढे पुन्हा तीच कॅस्पेज-३. भोकं पडू नयेत म्हणून राखण करणारे बीसीएल-२ आणि एमसीएल-१. बीसीएल-२ सापडलं ते एका लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरात, चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती तिथे. १९८८ मध्ये व्हॉ, कोरी आणि ॲडम्स यांनी दाखवलं की हे जनुक पेशीला वाढायला लावत नाही, फक्त मरू देत नाही. कॅन्सरचं जनुक म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर, एवढंच आम्ही बीएस्सीला शिकलो होतो.

आमच्या कामाचं एमसीएल-१. न्यूट्रोफिलमध्ये बीसीएल-२ जवळपास नसतंच, सगळी भिस्त एमसीएल-१ वर. आणि ते टिकाऊ नाही, दोन-तीन तासांत निम्मं मोडून जातं. हे वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलं आहे.

१५ जानेवारी, बुधवार

नीतिशास्त्र समितीची मंजुरी हातात आली. आता संमतिपत्रकं. कालचा तिळगूळ उरला होता, तोच देत सह्या घेत फिरलो.

पत्रकात मी लिहिलं होतं, 'आपल्या रक्तातील पेशींच्या मृत्यूचा अभ्यास केला जाईल.' वसतिगृहातला एक मुलगा तालमीत जातो, त्यानं वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"आमच्या पेशी मारणार व्हय तुम्ही?"

"मारणार नाही रे. त्या आपणहून मरतात, आम्ही नुसतं बघत बसणार."

"आणि न्हाई मेल्या तर?"

मग त्याला सांगितलं, अस्थिमज्जा दररोज दहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल तयार करते, जुन्या मेल्या नाहीत तर अंगात जागा उरायची नाही. दहा मिली रक्त म्हणजे चहाचे दोन चमचे, हेही सांगितलं. तो तयार झाला. पण त्या दिवशी सकाळी जोर-बैठका चालणार नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. व्यायामानं पांढऱ्या पेशींचा आकडा हलतो, त्याला इलाज नाही. "रक्त न्या की, पण व्यायाम मोडायचा म्हणजे…" पुढचं बोलला नाही, सही केली. मेल्यावर पेशी दाखवायच्या, ही त्याची अट.

पत्रकातलं वाक्य बदललं: 'पेशी किती काळ जगतात याचा अभ्यास.' काम तेच आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिलं रक्त, सकाळी साडेनऊला, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या नळीत. दोन घनतांच्या द्रावणांवर अलगद सोडलं, वर १.०७७ आणि खाली १.११९. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर दोन पांढुरके पट्टे दिसले. वरचा लिम्फोसाइट आणि मोनोसाइटचा, खालचा न्यूट्रोफिलचा, तांबड्या पेशी तळाला. खालच्या पट्ट्यात थोड्या तांबड्या राहतातच. त्या फोडायला ०.२ टक्के मिठाचं पाणी, मोजून तीस सेकंद, आणि लगेच १.६ टक्क्यांचं घालून तोल सांभाळायचा. तीसचे चाळीस झाले तर न्यूट्रोफिलही फुगून जायच्या. भागीदारीण घड्याळ बघत मोठ्यानं आकडे म्हणत होती, मी पिपेट धरून. शेजारच्या टेबलावरचे सगळे अठ्ठावीसपासून आमच्याबरोबर मोजायला लागले.

कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर नाही. डेसिकेटरमध्ये मेणबत्ती लावून झाकण घट्ट बसवायचं, ती विझली की आत पुरेसा वायू झालेला असतो, आणि ते भांडं साध्या ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. मॅडमनी बजावलं, माध्यमाचा थर पातळ ठेवा. खोल नळीत पेशी तळाला बसल्या तर त्यांना ऑक्सिजन कमी पडतो, आणि तो कमी पडला की न्यूट्रोफिल जास्त जगते. म्हणजे आपल्याच भांड्यानं प्रयोग बिघडवायचा.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी आठला, वीस तासांनी, ट्रिपॅन ब्लू या रंगानं मोजणी, मेलेली पेशी निळी होते. जवळजवळ सगळ्या पेशी स्वच्छ, निळी एखादीच. वहीत लिहिलं, 'जिवंत'. मग दोघी एकमेकींकडे बघत बसलो. पुस्तकांप्रमाणे एव्हाना निम्म्या तरी मरायला हव्या होत्या.

मॅडमनी विचारलं, ट्रिपॅन ब्लू काय तपासतो? पेशीचा पडदा फाटला आहे का, एवढंच. आणि अपोप्टोसिसमध्ये पडदा फाटत नाही, हेच तर त्याचं लक्षण. आतलं सगळं कापून-आवरून होतं तरी भिंत उभी असते. कवाड लावलेलं आहे म्हणून घरात माणूस आहे, असा हिशोब आम्ही केला होता. नळी टाकून न देता उरलेल्या पेशींचे स्मिअर काढले, म्हणजे काचेवर पातळ थर पसरले, हे त्यातल्या त्यात शहाणपण. लिशमनचा रंग उद्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल पुन्हा ताजं रक्त घेऊन ताज्या पेशींचे स्मिअर काढले, तुलनेला. आज दोन्ही स्लाइड शेजारी शेजारी, शंभरच्या लेन्सखाली.

ताजी न्यूट्रोफिल म्हणजे गुजरीतल्या सराफानं तारेत ओवलेले मणी. केंद्रकाचे तीन-चार कप्पे, मधे बारीक दोरा, कप्प्यांत फिकट-गडद जाळी. वीस तासांच्या स्लाइडवर निम्म्याहून जास्त पेशींत तार तुटलेली. मणी वितळून एकत्र गोळा झालेले, आणि उरलेला एक काळाभोर, गुळगुळीत दाणा, मिरीसारखा. पेशी आकसलेली, पण कड शाबूत. काही ठिकाणी एका पेशीत दोन-तीन मिऱ्या सुट्या सुट्या. म्हणजे ट्रिपॅन ब्लू ज्यांना जिवंत म्हणाला त्या याच.

अशी पेशी शरीरात असती तर एवढा वेळ पडून राहिली नसती. मरताना पेशीच्या पडद्यातलं फॉस्फॅटिडिलसेरिन आतल्या बाजूचं बाहेर येतं, ते पाहून मॅक्रोफेज ही भक्षक पेशी तिला सबंध गिळते आणि वर आग शमवणारे संदेश सोडते. गिळलं नाही तर पेशी पुढे फुटते आणि न्यूट्रोफिलच्या पोटातली इलास्टेजसारखी विकरं आजूबाजूचं मांस खायला लागतात. नळीत मॅक्रोफेज नाहीत, म्हणून आमच्या मिऱ्या तशाच पडून.

यापुढे मोजणी फक्त स्मिअरवर, प्रत्येक स्लाइडवर दोनशे पेशी. नळीचा क्रमांक चिकटपट्टीनं झाकायचा आणि ज्यानं नळ्या भरल्या त्यानं मोजायचं नाही. डेक्सामेथासोनच्या नळीत जास्त जिवंत दिसाव्यात असं मला वाटतं, आणि वाटणारा माणूस मोजायला बसला की अर्धवट पेशी हव्या त्या खान्यात जातात.

२९ जानेवारी, बुधवार

काल रात्री दोन तास लाईट नव्हती, इनक्युबेटर थंड. सगळा संच फेकला.

५ फेब्रुवारी, बुधवार

औषधाशिवायची कोरी नळी मरायला तयार नाही. लागोपाठ दोन रक्तांत तेच. वीस तासांनी बहुतेक केंद्रकं तशीच कप्पेदार. जानेवारीत याच पद्धतीनं निम्म्याहून जास्त मेल्या होत्या. कोरीच एवढी जगली तर औषधानं काय जास्त जगवायचं?

काय बदललं याची यादी केली. रक्त देणारे वेगळे, पण तपासलेले, औषध न घेणारे. सीरम तेच. पेशी धुवायचं क्षारांचं पाणी, पीबीएस, मात्र संपलं होतं म्हणून मीच ३० जानेवारीला नवं केलं, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुकही केलं. डिस्टिल्ड वॉटर कुठलं, असं मॅडमनी विचारलं. खिडकीखालच्या कॅनमधलं. मॅडम उठल्या, कॅनच्या तोटीत करंगळी घातली आणि बोट माझ्यापुढे धरलं. बुळबुळीत.

डिस्टिल्ड पाण्यातही वाढणारे ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणू असतात. त्यांच्या भिंतीतलं लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एंडोटॉक्सिन, ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांना दाद देत नाही. जीवाणू मरतात, भिंतीचा माल शिल्लक राहतो. आणि न्यूट्रोफिलला त्याचा मागमूस जरी लागला तरी ती मरण पुढे ढकलते. शिवाय खालच्या पट्ट्यात चुकार मोनोसाइट राहिलेल्या असतात, त्या तोच वास घेऊन जगवणारे संदेश सोडतात. शरीराच्या दृष्टीनं हे बरोबरच. चोर शिरल्याचा सुगावा लागला असताना राखणदाराची पाळी संपली म्हणून त्याला घरी कोण पाठवेल? आमच्या नळीत चोर नव्हता, त्याचा अंगरखा तेवढा होता.

प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी कॅन उन्हात उलटा घातला. मी गप्प.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उपाय स्वस्तात निघाला. मेडिकलमधून सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली आणली. शिरेतून द्यायचं पाणी ताप आणणाऱ्या या मालासाठी तपासूनच बाजारात येतं. काचेवरचं एंडोटॉक्सिन घालवायला २५० अंशांची कोरडी धग अर्धा तास लागते, आमची भट्टी तिथवर जात नाही, म्हणून पेशींना लागणारं सगळं आता एकदा वापरायच्या निर्जंतुक प्लास्टिकमध्ये. कोरी नळी पुन्हा वेळेवर मरू लागली. आनंद झाला, आणि आपण कशाचा आनंद मानतोय हे कळून हसूही आलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा शिवजयंतीची सुट्टी, काल संच लावला, आज मोजणी. डेक्सामेथासोनची इंजेक्शनची कुपी वापरायचा मोह झाला होता, पण तिच्यात परिरक्षक रसायनं असतात. म्हणून शुद्ध पूड, इथेनॉलमध्ये विरघळवून, पेशींपाशी एक मायक्रोमोलर. शेजारी एक नळी नुसत्या तेवढ्याच इथेनॉलची.

पट्ट्या काढल्या. कोरी आणि इथेनॉलची नळी सारखीच, निम्म्याहून जास्त मिऱ्या. डेक्साच्या नळीत मिऱ्या स्पष्टपणे कमी, तिन्ही रक्तांत. आत्तीच्या रिपोर्टचा एक तुकडा डोळ्यांनी पाहिला. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग बरं की, चांगल्या पेशी जास्त जगत्यात." तसं नाही गं, हे सांगायला वीस मिनिटं गेली. दम्यात काही रुग्णांच्या श्वासनलिकेत न्यूट्रोफिलचीच गर्दी असते, आणि त्यांना स्टेरॉइड कमी लागू पडतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

या प्रकल्पातला सगळ्यात आवडलेला दिवस.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या कपाटात सायक्लोहेक्झिमाइड असतं, बुरशी मारायला वापरतात. ते पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच थांबवतं. कोऱ्या पेशींना ते दिलं, आणि डेक्साबरोबरही दिलं. संध्याकाळपर्यंतच त्या नळीतली मिऱ्यांची संख्या कोरीच्या पुढे गेली. सकाळी तर ओवलेले मणी शोधावे लागत होते. डेक्सा बरोबर असूनही तेच, त्याचं सगळं तारणं वाया.

अर्थ सरळ लागतो. न्यूट्रोफिलला मरायला नवं काही बनवावं लागत नाही, ते सामान आधीच भरलेलं असतं. बनवत राहावं लागतं ते एमसीएल-१, दर दोन-तीन तासांनी निम्मं मोडणारं. कारखाना बंद झाला की राखणदार संपतो आणि दार आपोआप उघडतं. डेक्सामुळे एमसीएल-१ टिकून राहतं, पण ते बनायलाच नसेल तर डेक्सा तरी काय टिकवणार.

आणि याच्या बरोब्बर उलटं उंदराच्या थायमस ग्रंथीतल्या लिम्फोसाइटचं. वायली यांनी १९८० मध्ये दाखवलं की स्टेरॉइड दिलं की त्यांचा डीएनए ठरावीक अंतरावर कापला जातो, जेलवर शिडीसारखे पट्टे दिसतात. १९८४ मध्ये दिसलं की त्याच पेशींना आधी सायक्लोहेक्झिमाइड दिलं तर त्या मरत नाहीत. तिथे स्टेरॉइड केंद्रकात जाऊन मरणाचं फर्मान लिहून घेतं, बिमसारखी प्रथिनं नव्यानं बनवून घेतं. लिहिणाराच थांबवला तर फर्मान निघत नाही. म्हणजे औषधाला धरणारं तेच ग्राहक-प्रथिन, तेच औषध, तोच विषारी अडसर, आणि उत्तरं दोन. औषधाला मारणारं किंवा तारणारं म्हणायची माझी ६ जानेवारीची भाषा चुकलीच. औषध नुसतं काही जनुकं वाचायला लावतं. त्याचं पुढे काय होणार, ते त्या पेशीनं आधीपासून काय साठवून ठेवलंय त्यावर ठरतं.

मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चर्चेच्या प्रकरणात लिही, आणि एमसीएल-१ तू मोजलेलं नाहीस हेही लिही. बरोबर आहे. प्रथिन मोजायच्या वेस्टर्न ब्लॉटच्या अँटिबॉडीला पैसे नव्हते.

६ मार्च, गुरुवार

लिम्फोसाइट. निकाल फिका. डेक्साच्या नळीत अपोप्टोसिस थोडा जास्त, पण एका रक्तात दिसतो, दुसऱ्यात फरकच करता येत नाही. जेलवर शिडी म्हणावी तर धूर. मी हिरमुसले होते, पण वाचल्यावर कळलं की माणसाच्या रक्तातल्या मुरलेल्या लिम्फोसाइट थायमसमधल्या कोवळ्या पेशींइतक्या हळव्या नसतात. आत्तीच्या लिम्फोसाइट खाली आल्या त्या मुख्यतः रक्त सोडून दुसरीकडे गेल्यामुळे. मेल्या असतील त्या थोड्या.

राजम्यातल्या पीएचएनं लिम्फोसाइट चेतवून मग त्यांचं मरण पाहायचा विचार होता. आजार ओसरल्यावर लढलेल्या टी-पेशींतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मरतात, त्यात बिमचा हात मोठा, आणि ते बघायला मिळालं असतं तर मजा होती. वेळ नाही. मॅडमनी प्रस्तावनेतून तो परिच्छेद काढायला लावला. न केलेलं काम प्रस्तावनेत मिरवायचं नाही, म्हणाल्या.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. शेवटचं रक्त आज, तालमीतल्या मुलाचं, दुसऱ्या खेपेचं. कोपरापर्यंत हिरवा. स्पिरिटचे चार बोळे घासले तेव्हा कुठे शीर दिसली, आणि बोळे पोपटी झाले. व्यायाम केला नाहीस ना, विचारलं. "रंग खेळलो त्यो धरायचा का?" काल खेळलेला धरायचा नाही, असं ठरलं.

पहिल्या खेपेच्या त्याच्या स्लाइड काढून ठेवल्या होत्या. स्टुलावर बसला, एक डोळा मिटून नळीत बघायला लागला. आधी काही दिसेना, फोकस त्यानं स्वतःच फिरवला. लेन्स स्लाइडवर आपटेल म्हणून मी हात धरला.

"ह्यो काळा ठिपका?"

"तीच. मेलेली."

"आणि शेजारची माळेसारखी?"

"ती अजून होती. डेक्साच्या नळीतली आहे ही स्लाइड."

बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, किती वाजता मेली असंल? तेवढं काही सांगता आलं नाही. चार तासांच्या आणि वीस तासांच्या स्लाइड आहेत आमच्याकडे, मधल्या नाहीत. आठ आणि बाराच्या घ्यायला हव्या होत्या. आजच्या रक्तातून त्या घेते आहे, आठची रात्री, बाराची मध्यरात्रीनंतर. मामांकडून किल्ली घेतली आहे, भागीदारीण चहाचा थर्मास आणणार.